दोनशेचे वीस

आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे ‘कुजबुज’ म्हणायचे. तीस वर्षं तिनं विंगेतल्या स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग केलं. मांडीवर वही, नाकावर घसरलेला चष्मा, आणि आवाज असा की आम्हाला शब्द न् शब्द कळावा, पण पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटावं, पडदा हलला असेल. मी त्या कंपनीची नायिका. टाळ्या मी घेतल्या, हार मी घेतले. तिच्या वाट्याला विंगेतला वारा आणि बारमाही सर्दी.

आमचे नायकसाहेब राजबिंडे, आवाज खर्जातला, पाठांतराच्या नावानं मात्र आनंद. वाक्य अडलं की त्यांची मान किंचित डावीकडे वळायची. कुजबुज शब्द द्यायची, आणि साहेब तो असा फेकायचे की लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. अर्थाकडे त्यांचं लक्ष नसे. कानावर पडेल ते तोंडातून बाहेर. एकदा तिसऱ्या अंकात ते खुर्चीत बसूनच राहिले. हिनं विंगेतून सांगितलं, “उठा!” साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून गरजले, “उठा!” मी त्या प्रवेशात मरून पडलेली. उठावं की मेलेलंच राहावं, मला कळेना.

दर प्रयोगानंतर ते तिला म्हणायचे, “ताई, तू आहेस म्हणून मी आहे.” तिला ते खरं वाटायचं. मलाही.

पुढे कंपनी बंद पडली. साहेब कलाकार संघाचे चिटणीस झाले. कुजबुजनं पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरचे धडे घेतले आणि संघाची वेबसाइट व तिचा सर्व्हर सांभाळायला लागली. “बाई, हेही विंगेतलंच काम,” ती मला म्हणाली. “नीट चाललं तर कोणाला दिसत नाही, अडलं तर सगळे माझ्याकडे बघतात.”

यंदा संघानं जुन्या प्रयोगांची ध्वनिमुद्रणं गोळा करायला घेतली. ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं वेबसाइटवर अपलोड करायचं. शनिवारी संध्याकाळी पाचला संग्रह बंद, आणि मग तो कायमचा एका मोठ्या ग्रंथालयाकडे. माझ्याकडे आमच्या शेवटच्या प्रयोगाची टेप होती, नेमकी विंगेजवळच्या माइकवर भरलेली. साहेबांच्या प्रत्येक वाक्याआधी तिचा आवाज. तिसरा अंक तर अख्खा तिनंच केलाय म्हणा ना! तिच्या तीस वर्षांची जगात तेवढीच खूण. टेपची फाइल तिनंच करून दिली. ऐकताना चष्मा काढून पुसत बसली आणि म्हणाली, “इतकी स्पष्ट ऐकू यायचे मी? मग चुकतच होते की!”

मी हौसेनं साहेबांनाही ती टेप ऐकवली, वर फाइलची एक प्रतही दिली. तो माझा मूर्खपणा.

शनिवारी दुपारी घरून फाइल पाठवायला बसले. तीनदा पाठवली, तीनदा परत. फाइल फार मोठी आहे म्हणे. शेवटी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून रिक्षानं संघाच्या ऑफिसात गेले. जिन्याखालची ती खोली, एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा. तिथे फोनवर फोन येत होते. पूर्ण प्रयोग पाठवणाऱ्या प्रत्येकाचं तेच रडगाणं. अध्यक्षीणबाई एकेकाची समजूत काढत होत्या, साहेब खुर्चीत टेकून बसले होते, आणि त्यांच्या डाव्या हाताला कॉम्प्युटरसमोर कुजबुज.

“एररचा आकडा काय आला, बाई?” तिनं मान न वळवता विचारलं.

“चारशे तेरा.”

“म्हणजे बाहेरच्या दारातूनच परत पाठवलं. आतला प्रोग्रॅम फाइल तपासतो ते नंतर. त्याच्याआधी सर्व्हर सगळं सामान तोलतो. पण दोन्हीकडे मी मर्यादा दोनशे एमबीची ठेवलीय, आणि तुमची फाइल तर दीडशेची.”

तिनं सर्व्हरच्या सेटिंगची फाइल उघडली. दोनशेच्या जागी वीस. शेजारी टीप होती, ‘मर्यादा बदलली’, आणि खाली नाव तिचं.

अध्यक्षीणबाईंनी वाकून बघितलं. “अगं, हे तर तूच केलंयस.”

“ताईंचंही वय झालं आता,” साहेब मायेनं म्हणाले. “एक शून्य राहिलं असेल. जाऊ द्या. सगळ्यांना सांगा, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाठवा. आमच्या शेवटच्या प्रयोगाचा तुकडा मी करून पाठवलासुद्धा. मागची खरखर काढून.”

“खरखर?” कुजबुज म्हणाली.

तिनं खण उघडला आणि आपली वही काढली. दोन वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं, तेव्हा मागे काही अडू नये म्हणून तिनं साहेबांना पासवर्ड दिला होता आणि एकेक पायरी या वहीत लिहून ठेवली होती. मर्यादा कशी बदलायची, तेही. ‘जुना आकडा खोडून नवा लिहावा. शेजारी तारीख आणि नाव टाकावं. उदाहरणार्थ –’ आणि खाली उदाहरण म्हणून तिचं स्वतःचं नाव, त्या दिवसाची तारीख.

तिनं वही स्क्रीनला लावून धरली. टीप तीच. नाव तेच. तारीखही दोन वर्षांपूर्वीचीच.

“दादा,” ती साहेबांना म्हणाली, “तारीख तरी या आठवड्यातली घालायची.”

साहेब उठून उभे राहिले. “हे बघा, त्याचं असं आहे... म्हणजे मी... ताई, मी...” आणि अडले. मान किंचित डावीकडे वळली.

कुजबुजनं वर बघितलंही नाही. वहीतल्या पानावरून बोट फिरवत, त्याच जुन्या आवाजात तिनं शब्द दिला, “मीच केलं.”

साहेबांचा हात छातीवर गेला. “मीच केलं!”

खर्जातला आवाज, जिन्यापर्यंत घुमला. अध्यक्षीणबाईंच्या हातातल्या फोनवरचा माणूस “कोण? काय केलं?” विचारत राहिला. साहेब आपलंच वाक्य ऐकून मटकन खाली बसले.

“लोकांनी माझा तिसरा अंक असा ऐकायचा?” ते मघापेक्षा बारीक आवाजात म्हणाले. “म्हणतील, याला काहीच येत नव्हतं.”

“मला सांगितलं असतंत,” कुजबुज म्हणाली, “तर मीच काढून दिला असता माझा आवाज. तुम्हाला कधी नाही म्हटलंय का मी? पण माझ्याच वहीतून, माझ्या नावानं...” तिचं वाक्य अपुरं राहिलं. तिला शब्द द्यायला विंगेत कोणी नव्हतं. मला द्यायला हवा होता. मला सुचला नाही.

मग तिनं डोळे पुसले, विसाचे पुन्हा दोनशे केले, खाली आजची तारीख घातली. नुसता आकडा बदलून भागत नाही, सर्व्हरला ती फाइल पुन्हा वाचायला लावावी लागते, तेही केलं. पासवर्ड बदलला. अध्यक्षीणबाईंनी सगळ्यांना फोन लावायला घेतले. कुजबुजनं माझ्यापुढे हात केला. मी पेनड्राइव्ह दिला.

स्क्रीनवरची पट्टी हळूहळू भरायला लागली.

मला साहेबांवर धड रागावताही येईना. तीस वर्षं त्या माणसाच्या मिठीत मेलेय मी. ते दारापर्यंत गेले आणि वळले. “ताई, तू आहेस म्हणून...”

एवढं एक वाक्य तरी त्यांना पाठ असायला हवं होतं. हजार प्रयोगांनंतर म्हटलेलं. पण अडले, आणि डावीकडे बघत उभे राहिले.

ती पट्टीकडे बघत होती. अठ्ठ्याऐंशी टक्के. एक्क्याण्णव. साहेब चपला घालून गेले. पट्टी भरली तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती.