गुणाजीच्या तबकड्या आणि दोन कौल

आमच्या गावचा गुणाजी परब घाटकोपरला चाळीत राहायचा. खोली एक. तीत तो, बायको सुंदराबाई आणि पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत फोनोच्या एकवीस तबकड्या, सगळ्या एकाच गोवेकर ट्रंपेटवाल्याच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत तो मास्टर फोर्टातल्या हॉटेलात बारा जणांचा बँड घेऊन गोऱ्यांना नाचवायचा. गुणाजी तिथं सामान उचलायला होता. गोव्याला परतताना मास्टर तबकड्या त्याच्या हाती देत म्हणाला, "सांभाळ." गुणाजीनं चाळीस वर्षं सांभाळल्या. रविवारी बांगड्याचं तिखलं जेवून चावीचा फोनो फिरवायचा आणि एक तबकडी लावायचा. एकच.

"ह्येका स्विंग म्हणतत," तो सांगे.

"वरातीचा बँड वाट चुकला वाटतं," शेजारचा विद्याधर म्हणे.

ब्याऐंशीच्या संपात गुणाजी पुढे कामाला लागला होता ती गिरण बंद पडली ती पडलीच. सुंदराबाईनं ब्लाउज शिवायचं ठरवलं. मशीन ठेवायला जागा एकच, ट्रंकेची.

"ही हयसून जाऊक होयी. कुर्ल्याचो भंगारवालो घेता म्हणता."

गुणाजी भांडला नाही. आमची माणसं अडली की करतात तेच त्यानं केलं. गावच्या गुरवाला, काशीरामला, पत्र टाकलं: तबकड्या विकू का, देवाला कौल लाव. गुरवानं देवाला फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. डावं पडलं.

"देव नको म्हणता," गुणाजीनं पत्र दाखवलं.

"तुम्ही इचारलास काय, ता बघूचा लागतला," सुंदराबाई म्हणाली. देव तिचाही तोच. तिनं वेगळं पत्र टाकलं: ट्रंक घरात ठेवू का?

डावं पडलं.

दोन्ही पत्रं फळीवर शेजारी शेजारी. नवराबायकोनं दोन दिवस ती आलटून पालटून वाचली. देव चुकत नाही, एवढं दोघांनाही मान्य. म्हणजे विकायच्याही नाहीत आणि घरातही ठेवायच्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी गुणाजीनं ट्रंक ओढत दाराबाहेर गॅलरीत नेली. वर फोनो ठेवला. आत मशीन आलं. रविवारी मास्टरचा ट्रंपेट तिन्ही मजल्यांवर फिरला.

विद्याधर धावत आला. "अरे गुणाजी, वाट लावलीस ना यार झोपेची! आत नेऊन वाजव."

"आत देवाची बंदी हा."

सुंदराबाईनं मशीनवर पहिलं शिवलं ते गिऱ्हाइकाचं ब्लाउज नव्हे. मेणकापडाचा गलेफ, ट्रंकेच्या मापाचा.

"भिजली तर देव माका इचारतलो," ती म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.