सात ते पावणेआठ

आमच्या भागात कुणाला घर बघायचं असलं की लोक सांगतात, सव्वासातला विचारा. त्याचं खरं नाव मीही आता विसरत चालले आहे. गेली चौदा वर्षं आम्ही एकाच गाळ्यात बसतो. अर्ध्यात माझं झेरॉक्सचं मशीन, अर्ध्यात त्याचं टेबल आणि भिंतीवर रिकाम्या घरांच्या किल्ल्या. गिऱ्हाईक कुठलंही असो, हा घर दाखवणार सकाळी सव्वासातलाच. सकाळचं ऊन बघून घ्या, म्हणतो. ऊन कसलं डोंबलाचं! शहरात नळाला पाणी येतं सात ते पावणेआठ, तेही उन्हाळ्यात एक दिवसाआड.

आत शिरल्यावर आधी खिडक्या, मग कपाटं, आणि बोलता बोलता याचा हात स्वयंपाकघरातल्या नळावर जातो. पाणी धो धो पडतं, बघणाऱ्यांचे चेहरे खुलतात. खोटं एक अक्षर बोलत नाही; फक्त घड्याळ बघून खरं बोलतो. महिन्याभराने तीच माणसं तणतणत गाळ्यात येतात तेव्हा हा नेमका बाहेर गेलेला असतो आणि बोलणी खायला मी. एकदा मी त्याला फैलावरही घेतलं. तर म्हणाला, पाण्याचं आधी सांगितलं तर या शहरात कोण राहायला येईल? आज नव्याने यायचं असतं, तर तू तरी आली असतीस का? मी मशीनकडे वळले. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं, आणि सकाळी सहापासून बादल्या मांडून बसणाऱ्यांच्या अंगात ते कुठून येणार?

त्याची बायको जाऊन तीन वर्षं झाली. एकुलती एक मुलगी लग्न करून दूर गेली तेव्हा इथे दिवसभर पाणी असायचं. ती वर्षातून एकदा दोन दिवस येते. ती यायची म्हटलं की हा आठवडाभर दोन तांब्यांत अंघोळ उरकतो आणि त्रेसष्टाव्या वर्षी शिडीवरून बादल्या चढवून माळ्यावरची टाकी भरतो. मुलीला वाटतं, बाबांचं बरं चाललंय.

या वर्षी तिची बदली निघाली. ऑफिसने दोन शहरं पुढे ठेवली: एक हे, दुसरं इथून चौदा तासांवर. तिने फोन करून सांगितलं, आम्ही तुमच्याजवळच येतो, शेजारीच घर बघा. ही बातमी त्याने मला एका दिवसात तीनदा सांगितली. घरही शोधलं, अगदी समोरच्या बिल्डिंगमध्ये. नात खिडकीतून हाक मारेल म्हणाला. मी विचारलं, तिला पाण्याचं सांगणार आहेस ना? तो किल्ल्या पुसायला लागला.

रविवारी मुलगी आणि जावई आले, दोन वर्षांची नात कडेवर. भाडेकराराचे कागद घेऊन मीही गेले. वेळ अर्थात सव्वासातची. या वेळी त्याने नळाला हात लावला नाही; मुलीनेच सोडला. पाण्याची धार बघून ती हसली आणि म्हणाली, "बाबा, ठरलं. आम्ही हेच घेतो."

मी कागद पुढे केले. तीन वर्षं एकट्याने जेवणाऱ्या माणसाचं सुख माझ्या हातात होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी त्याने गप्प राहावं असंच मला वाटलं. त्याने कागद घेतले, घडी घालून खिशात ठेवले, नळ बंद केला.

"पावणेआठपर्यंत थांबू," तो म्हणाला.

का ते कुणाला कळेना. जावई मोबाईल बघत बसला, नात रिकाम्या खोल्यांतून दुडूदुडू धावायला लागली. पावणेआठ वाजून गेल्यावर त्याने मुलीला नळ सोडायला सांगितलं. चार थेंब पडले. मग नुसती हवा.

"रोज एवढंच. उन्हाळ्यात तर दिवसाआड," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "लेकरू घेऊन इथे येऊ नका. तिकडची बदली घ्या."

मुलीने नळ बंद केला. मग म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मला एकट्याला पुरतं."