पुढील कार्यवाही करण्यात येईल

गुणमाला मगदूम यांना लांब वाक्यांचा राग यायचा आणि तो राग त्या लपवत नसत. पलूसच्या महिला मदत कक्षात त्या एकोणीस वर्षं केसवर्कर होत्या. पोटगीसाठी आलेल्या बाईची हकीगत लिहून घ्यायची, तिला पत्रं पाठवायची, वकिलाकडे कागद पोचवायचे, हे त्यांचं काम. पण त्यातलं निम्मं काम, त्या म्हणायच्या, दुसऱ्यांनी मराठीत लिहिलेलं पुन्हा मराठीत लिहिण्याचं आहे. कागदावर ‘सबब’ दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. ‘तदनुषंगाने’ दिसलं की लाल पेन निघे. कक्षातली माणसं त्यांना भिऊन असत, आणि ते त्यांना मनातून आवडतही असे.

सगळ्यात जास्त लाल शाई खर्ची पडली ती धवल उपाध्येवर. हा कक्षाचा वकील, वय तिशीच्या आत, पोरगा हुशार, पण पेन हातात घेतलं की ऐंशी वर्षांचा होई. एकदा त्यानं अर्जात लिहिलं, ‘अज्ञान मुलगी’. मुलीची आजी अंगठा द्यायला बसली होती. तिनं अर्ज वाचून घेतला आणि हात मागे ओढला.

“आमची पोर चवथीत पयली आली, आन् तुमी तिला अज्ञान म्हणताय व्हय?”

धवल समजावत राहिला, की आजी, कायद्यात अठराच्या आतल्या लेकराला अज्ञानच म्हणतात. आजी म्हणाली, मग आधी कायद्याला शाळेत घाला. तिला पुन्हा खुर्चीवर बसवायला गुणमालाबाईंचा अर्धा दिवस गेला आणि दोन चहा गेले. तेव्हापासून त्यांनी धवलला एक नियम घालून दिला. कोर्टात जायचं ते कोर्टाच्या भाषेत जाऊ दे, पण बाईच्या हातात जाणारा कागद माझ्या हाताखालूनच जाईल.

फेब्रुवारीत साताऱ्याहून बोलावणं आलं. ‘सुगम विधिलेखनविषयक क्षमतावर्धनपर एकदिवसीय प्रशिक्षणाचे आयोजनाबाबत’ असा त्या पत्राचा विषय होता. सोपं कसं लिहावं हे शिकवायला निघालेल्या माणसानं हे लिहिलं होतं. गुणमालाबाईंनी ते भिंतीवर चिकटवलं आणि तीन दिवस येणाऱ्या जाणाऱ्याला वाचून दाखवलं.

तरी गेल्या. पहाटेची एसटी, कराडला गाडी बदल, साताऱ्यात स्टँडवर उतरून रिक्षा. शिकवायला आलेल्या पाहुण्यांनी वाक्यं छोटी का असावीत यावर पाऊण तास भाषण केलं. त्यात पूर्णविराम किती आले ते गुणमालाबाईंनी मोजायला घेतलं आणि कंटाळून सोडून दिलं. नमनालाच घडाभर तेल गेलेलं, दिवा काही लागेना. मग जेवणाआधी पडद्यावर एक पत्र आलं, आणि त्या सावरून बसल्या. पत्र त्यांचंच होतं, कक्षानं नमुन्यादाखल पाठवलेलं. नाव, गाव झाकलेलं, पण वाक्यं त्यांची. ‘तुमचा नवरा पोटगी देत नाही म्हणून आपण वसुलीचा अर्ज करणार आहोत. त्या अर्जावर तुमची सही लागेल. अठरा सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता कक्षात या. आधार कार्ड आणा.’ पाहुणे म्हणाले, असं लिहावं. सभागृहात टाळ्या पडल्या. गुणमालाबाईंनी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला, पण येताना त्यांनी कराडला पाव किलो पेढे घेतले हे खरं.

पेढे कक्षात वाटून व्हायच्या आत दारात दीपमाला उभी राहिली.

दीपमाला तासगावकडची. द्राक्षबागांत मजुरी करायची, आता बेदाण्याच्या शेडवर होती. नवरा शंभूराज मेढ्याकडे ट्रकवर ड्रायव्हर. कोर्टानं त्याला लेकीसाठी दरमहा साडेतीन हजार द्यायला सांगितलं होतं. काही महिने दिले आणि मग त्यानं हात वर केले. अकरा महिन्यांची पोटगी थकली तेव्हा, म्हणजे सप्टेंबरात, दीपमाला पहिल्यांदा कक्षात आली होती. लेक ओवी तिसरीत. चष्म्याचा नंबर दोनदा वाढलेला, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. पैसे आले की पहिला चष्मा, असं तेव्हाच ठरलं होतं.

“म्याडम, पैसं कवा येत्याल? पाच म्हैनं झालं की आता.”

गुणमालाबाईंचा पारा चढला. “दीपमाला, तू आलीच नाहीस. अठरा सप्टेंबरला सहीला बोलावलं होतं ना तुला? दोनदा फोन केला, लागला नाही.”

“रिचार्ज संपलं हुतं. पर तुमचं पत्र गावलं की.”

“मग?”

दीपमालानं पिशवीतून पत्र काढलं. घडीवर घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं. साताऱ्याला पडद्यावर झळकलेलं तेच ते पत्र, फक्त ह्याला खाली आणखी एक ओळ होती. पाहुण्यांनी ती पडद्यावर घेतली नव्हती. दीपमालानं तिच्यावर बोट ठेवून वाचलं.

“‘सदर दिवशी आपण गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ आता बगा म्याडम. माजं जे काय म्हणणं हुतं त्ये म्या तुमाला आदीच सांगितल्यालं. नवं काय सांगणार? सही लागंल म्हणलंय खरं, पर न्हाई आले तरी फुडची कारवाई हुईल म्हणून लिवलंय. मला कारवाईच तर पायजे हुती. बागंत छाटणीची धांदल, दिसाचा खाडा कशाला करा? म्हणून न्हाई आले.”

गुणमालाबाईंनी पत्र हातात घेतलं. ओळ वाचली. पुन्हा वाचली. एकोणीस वर्षांत त्यांनी ती हजारभर पत्रांखाली टाकली असेल, पण वाचली आज. दीपमालानं लावलेल्या अर्थात कुठं चूक काढावी ते त्यांना सापडेना. लिहिलंय तसंच तिनं वाचलं होतं.

ही ओळ जुन्या नमुन्यातली. बाकी सगळा नमुना त्यांनी स्वतः बदलला, ही मात्र ठेवली. का, तर शेवटी कागदाला जरा वजन हवं. धाक असल्याशिवाय माणसं येत नाहीत, असं त्यांचं मत. आणि वेळेतच का यायचं ते तर लिहिलंच नव्हतं. पोटगीचा जो महिना थकतो, त्याच्यासाठी वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वर्ष उलटलं की त्या महिन्यापुरतं वसुलीचं वॉरंट निघत नाही. गुणमालाबाईंना हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पत्रात मात्र त्यांनी लिहिलं, आधार कार्ड आणा.

त्यांनी दीपमालाची फाईल काढली. ऑक्टोबरच्या अहवालात फाईल बंद झाली होती. शेरा होता, ‘अर्जदारास स्वारस्य नाही.’ अक्षर त्यांचंच.

धवलनं त्याच दुपारी नवा अर्ज तयार केला, सही घेतली. थकलेले महिने सोळा झाले होते. अर्ज बारांचाच होत होता.

“आन् वरचं चार?” दीपमालानं विचारलं.

“ते मुदतबाह्य झाले,” धवल म्हणाला.

“म्हंजी?”

धवलनं गुणमालाबाईंकडे पाहिलं. इथं एका वाक्याचं काम होतं. आणि एकोणीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं कापणाऱ्या बाई म्हणाल्या, “बघू, लेखी कळवते.” दीपमाला बरं म्हणून एसटी गाठायला गेली. आपण काय बोललो याची गुणमालाबाईंना शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्या लिहायला बसल्या. पहिल्या मसुद्यात आलं, ‘अर्ज दाखल करण्यास विलंब झाल्याचे दिसून येते.’ कुणाला दिसून येते? कुणी केला विलंब? धवलनं हे लिहिलं असतं तर त्यांनी कागद त्याच्या तोंडावर फेकला असता. दुसऱ्यात आलं, ‘काही तांत्रिक कारणास्तव.’ तो त्यांनी फाडला. आता त्यांना कळत होतं, माणसं असं का लिहितात. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, येत नाही म्हणून लिहितात.

धवल टेबलापाशी आला. “मॅडम, ‘मुदतबाह्य ठरल्याने रक्कम वसूलपात्र राहत नाही’ एवढंच टाका. त्यात चूक कुणाचीच दिसत नाही.”

“म्हणूनच नको,” त्या म्हणाल्या. “आणि मघापासून माझ्या डोक्यावर उभा आहेस, जा तिकडं.”

चौथ्या कागदावर पाच ओळी झाल्या. तो पोस्टात टाकायचा त्यांना धीर होईना. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या तासगावच्या गाडीत बसल्या. वाटेत ट्रॅक्टरमागे गाडी रखडली, कंडक्टरनं सुट्ट्यावरून वाद घातला, आणि गुणमालाबाईंना त्या दोघांचाही राग आला. खरा राग कुणाचा होता ते त्यांना ठाऊक होतं, पण तो काढायला गाडीत जागा नव्हती.

बेदाण्याच्या शेडवर हिरव्या जाळ्यांचे मजले चढले होते आणि बायका त्यांवर द्राक्षं पसरत होत्या. दीपमाला हात पुसत बाहेर आली. “आवं म्याडम, तुमी कशाला आला? पत्र धाडायचं की.”

“आणलंय. वाच.”

दीपमालानं कागद उजेडाकडे धरला आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचला. ‘दीपमाला, तुझ्या पोटगीचे चार महिन्यांचे पैसे आता मिळणार नाहीत. त्यासाठी वर्षाच्या आत अर्ज करायला हवा होता. हे मी तुला सांगितलं नाही. मी पत्र चुकीचं लिहिलं आणि नंतर फाईलही बंद केली. चूक माझी आहे, तुझी नाही. गुणमाला मगदूम.’

शेडमधल्या दोन बायका हातचं थांबवून ऐकत होत्या. दीपमालानं कागद खाली केला.

“चौदा हजार गेलं?”

“गेले.”

“कुटनंच न्हाई मिळायचं?”

“नाही. बाराचं वॉरंट मी मागे लागून काढते. पण हे गेले.” चष्म्यासाठी आणलेले दोन हजार त्यांच्या पर्समध्ये होते. ते आता बाहेर काढायची त्यांना लाज वाटली.

दीपमाला ओरडली असती तर बरं झालं असतं, असं गुणमालाबाईंना वाटलं. मग तिनं पत्र पुन्हा एकदा वाचलं, ह्या वेळी मनातल्या मनात, ओठ हलवत.

“ह्ये मला एका वाचनात कळलं बगा,” ती म्हणाली. “म्हंजी तुमाला लिवता येत हुतं.”