वरच्या फळीवरचा गूळ

भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात बसप्पा पॅकिंगला आहे. तिथली प्रथमोपचाराची पेटी त्याच्याच ताब्यात असते, म्हणून गल्लीतही त्याला अर्धा डॉक्टर समजतात. तापाला पॅरासिटामॉल, जुलाबाला ओआरएस, जळजळीला अ‍ॅसिडिटीची गोळी. दारात आलेल्याला तो रिकाम्या हाताने पाठवत नाही.

बायकोला, शरणम्माला, शुगर निघाल्यापासून त्याने घरात पहाराच बसवला. चहा बिनसाखरेचा. गुळाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर, तिचा हात पोचू नये असा.

श्रावणातल्या सोमवारी तिचा कडक उपास होता. सकाळी त्यानेच तिच्या तळहातावर शुगरची गोळी ठेवली. "उपास देवाचा, गोळी डॉक्टरची. चुकवायची न्हाय."

दुपारी ती घामाने भिजली, हात थरथरायला लागले. "ओ, जरा गूळ द्या की. जीव कसातरी हुतोय."

"शुगरवाली गूळ मागतीय! रिकाम्या पोटाचं पित्त हाय ते." त्याने अ‍ॅसिडिटीची गोळी पुढे केली.

"खडाभर तरी."

"न्हाय म्हणलं की."

थोड्या वेळाने ती कन्नडमध्ये त्या फळीशीच काहीतरी बोलू लागली. भिंत धरून खाली बसली ती उठेना. शेजारच्या गुरुशांतच्या रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. शिरेतून ग्लुकोज गेलं, तेव्हा तिने डोळे उघडले.

"ही गोळी उपाशीपोटी घेतली की साखर फार खाली जाते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा वेळी माणूस शुद्धीवर असेपर्यंत लगेच गोड द्यायचं. यांनी काही मागितलं नाही का?"

बसप्पा सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिला.

संध्याकाळी मोहोळहून लेक आली, श्रीदेवी. "अप्पा घरी होते म्हणून आई वाचली."

"व्हय की," शरणम्मा म्हणाली.

तिने आपली चूक अशी झाकलेली बसप्पाला सोसेना. "गूळ मागत हुती ती. मी दिला न्हाय."

श्रीदेवी आईकडे वळली. शरणम्माने कूस बदलली.

घरी आल्यावर त्याने डबा खाली काढून तिच्या उशाशी ठेवला.

"आता चोरून खाईन की मी."

त्याने डब्याचं झाकण जरा सैल करून ठेवलं.

तेवढ्यात पलीकडची शिवबाई दारात आली. "बसप्पाअण्णा, डोकं लई ठणकतंय. गोळी द्या."

त्याचा हात सवयीने गोळ्यांकडे गेला आणि थांबला.

"सकाळपासनं काय खाल्लंस?"

"अगंबाई, जेवायला घालताय व्हय?"

शरणम्मा हसली. बसप्पाला हसू आलं नाही.

"सांग आधी," तो म्हणाला.