एका चंद्राच्या दोन भरत्या

तुमाला वाटलं असेल, आता एसटी सुटणार, आई पदर डोळ्याला लावणार आन् हा गडी खिडकीतून मागं पडणारं गाव बघत बसणार. तसलं काही झालं नाही. आई हसत होती. मी खिडकीतून तोंड काढून कंडक्टरचा आवाज काढत होतो, आणि खरा कंडक्टर माझ्या मागंच उभा होता. तिला तो दिसत होता, मला नाही.

ती हसतेय म्हणून मी अजून जोर लावला. खरं तर मी भ्यालो होतो. भीती वाटली की माझा आवाज जातो आणि दुसऱ्या कुणाचा तरी येतो, हा लहानपणापासूनचा रोग. गावात सगळे म्हणायचे, काय विनोदी पोरगं आहे. आई एकटी म्हणायची, "आज कशाला भ्यालाय हा?"

फलटणच्या स्टँडावरून गाडी हलली तसे दादा, म्हणजे आमचे वडील, गाडीबरोबर पळायला लागले. त्यांची पिठाची गिरणी. जन्मभर पट्ट्याच्या आवाजावर ओरडून त्यांना हळू बोलताच येत नाही. अख्ख्या स्टँडाला ऐकू गेलं, "एकदाच! नाही झालं तर परत यायचं आन् गिरणीत बसायचं." रसवंतीपर्यंत पळाले, मग दम लागून थांबले. आई खांबापाशीच उभी होती. जागची हलली नाही.

एकदाच म्हणजे एम.एस्सी.चा इंटरव्ह्यू. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत फिजिक्ससाठी अर्ज केलेला. म्हणजे कॉलेजातल्या आमच्या जगदाळे सरांनी हाताला धरून करायला लावलेला. लेखी परीक्षा पुण्यात झाली, तीत मी कसा कोण जाणे पास झालो. आता तोंडी उरली होती. आमच्या कॉलेजातून तिकडं आधी कोणी गेलंच नव्हतं, त्यामुळं विचारायचं कुणाला, हाही प्रश्न. गिरणीला मी नावं ठेवत नाही, तिच्याच पिठावर वाढलोय. पण तिथं एकदा पट्टा फिरायला लागला की कुणाचाच आवाज ऐकू येत नाही. माझाही नाही. त्याची मला फार भीती वाटायची.

मामा वाशीला राहायचा, त्याच्याकडं उतरलो. तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत होता. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, वाशीत माणसांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. रेल्वे आलेली नव्हती. चौथ्या मजल्यावरचा ब्लॉक, दार लावलं की शेजारी मेला तरी कळणार नाही अशी शांतता. पहिल्या दिवशी मी गॅलरीतून खाडी बघितली. नुसता काळा चिखल, लांबपर्यंत, आणि त्यात एक होडी आडवी पडलेली. दुपारी झोपून उठलो तर चिखल गायब. पाणीच पाणी, होडी डुलतेय.

मी मामाला म्हणालो, "मामा, हितला पाटकरी लय कामाचा दिसतोय. टायमाला पाणी सोडलं."

आमच्याकडं कालव्याला पाणी पाळीनं सुटतं आणि ते सोडतो पाटकरी. कोरड्या पात्रात एकाएकी पाणी दिसलं, तर आमच्या भागातल्या माणसाच्या डोक्यात पाटकऱ्याशिवाय दुसरं काही येतच नाही. मामा इतका हसला की मामी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. "भरती रे बाबा, भरती," तो म्हणाला. "आणि म्हणे बी.एस्सी. फर्स्ट क्लास." दुसऱ्या दिवशी सगळ्या सोसायटीला कळलं. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय हो, पाणी सुटलं का?"

मी पण हसलो. रात्री मात्र अंथरुणात उठून बसलो. भरती-ओहोटीवर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं. चंद्र, गुरुत्वाकर्षण, आकृतीसकट. आणि डोळ्यासमोर भरती आली तर मला ती ओळखू आली नाही. मग मला येतं काय?

त्याचं उत्तर मला माहीत होतं, म्हणून तर टेन्शन. मी फिजिक्स शिकलो ते जगदाळे सरांची नक्कल करत. सर प्रत्येक गोष्टीला आधी कानाची पाळी ओढायचे, मग म्हणायचे, "का? कशामुळं? तर..." आणि शेवटाला, "देअरफोर, पोरांनो." त्यांच्या आवाजात सुरुवात केली की माझं अख्खं पुस्तक घडाघडा बाहेर यायचं. माझ्या आवाजात सांग म्हटलं तर भोपळा. मामीसमोर तयारी केली तेव्हा ती म्हणाली, "छान बोलतोस रे. पण कान का ओढतोस सारखा?"

खाडीकाठच्या दिवाळे गावातून एक कोळीण मावशी मासे घेऊन यायची. "काल परीस आज पानी उशिरा हाय, म्हावरा पन उशिरा," असं रोज म्हणायची. मी तिचाही आवाज उचलला. दिवसभर काढत बसायचो. मामा म्हणाला, "लय भ्यालाय वाटतं." म्हणजे आईनं त्याला सांगून ठेवलं होतं.

इंटरव्ह्यूला टेबलापलीकडं तिघं होते. मधल्या बाई चहा पीत होत्या. मी इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणालो, तेवढंच माझं स्वतःचं होतं. त्यांनी माझा चेहरा बघितला, मग फॉर्मवरचा पत्ता, आणि म्हणाल्या, "मराठीत सांगितलंस तरी चालेल. वाशीला उतरलायस ना? मग खाडी बघितली असशील. भरती का येते?"

माझा हात आपोआप कानाला गेला. "का? कशामुळं? तर..." सरांचा आवाज आला आणि धबधबा सुटला. चंद्र, अंतर, ओढ, सगळं. थांबलो तेव्हा मीच मला म्हणताना ऐकलं, "देअरफोर, पोरांनो, भरती येते."

तीन प्रोफेसर. पोरांनो.

कुणी हसलं नाही, हे वाईट. बाईंनी कप खाली ठेवला. "कोणाचा आवाज आहे हा?"

"आमच्या सरांचा."

"चांगले शिकवतात. चंद्र एक आहे. मग दिवसातून भरती दोनदा का?"

मी कान ओढला. काही आलं नाही. पुन्हा ओढला. सर गप्प.

"आता तुझ्या आवाजात सांग," बाई म्हणाल्या.

माझ्या डोळ्यासमोर गिरणीचा पट्टा फिरायला लागला. म्हटलं, गेलंच आहे तर खरं सांगू. "मला माहीत नाही. मला तर आधी वाटलं, पाटकऱ्यानं पाणी सोडलंय." मग ते तिघं हसले. मी पुढं म्हणालो, "पण रोज थोडं उशिरा येतं. चंद्रही रोज उशिरा उगवतो."

"मग विचार कर. वेळ आहे."

मी विचार केला. जवळचं पाणी चंद्र जास्त ओढतो. मग पृथ्वीलाही ओढत असणार, जरा कमी. आणि पलीकडच्या बाजूचं पाणी? ते सगळ्यात लांब. त्याला सगळ्यात कमी. आणि एकदम मला स्टँड दिसला. मी गाडीत, गाडीनं मला ओढलं. दादा पळाले, पण रसवंतीपर्यंतच. आई खांबापाशी. दादांच्या, म्हणजे पृथ्वीच्या, जागेवर उभं राहून बघितलं तर मी पुढं लांब गेलो आणि आई मागं लांब राहिली. दोन्हीकडं अंतर.

मी ते तसंच सांगितलं. गाडी, दादा, रसवंती, आई. सांगताना माझा आवाज इतका बारीक आला की मलाच ओळखू येईना. बाईंनी कप उचलून चहाचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे भरती दोन्हीकडं. पृथ्वी फिरतेय, म्हणून आपल्याला दिवसातून दोनदा." आणि पुढचा मुलगा आत बोलवला.

निकालाला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी घरी एक ओळ लिहिली नाही. काय लिहिणार, इंटरव्ह्यूत बोलायचं ते बोलून बसलोय, पुढचं ठाऊक नाही. रोज गॅलरीत उभा राहून पाणी येताना बघायचो. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हाही पहिल्यांदा भीतीच वाटली. आता परत जाता येणार नाही, याची. गाव सोडून आलेल्या सगळ्यांना हे कळेल. मागं राहिलेल्यांनो, तुमीही आमाला मजेत समजू नका.

पत्र खिशात घालून फलटणला उतरलो आणि स्टँडावरून धावत जगदाळे सरांचं घर गाठलं. सगळं साग्रसंगीत सांगितलं, कान ओढून. सर झोपाळ्यावर बसून ऐकत होते. मला वाटलं, पाठ थोपटतील.

"त्यांना पोरांनो म्हणालास?"

"चुकून, सर."

"ते राहू दे. दोन भरत्या माझ्या आवाजात येत नाहीत म्हणालास? अरे, अख्खा तास घेतला होता मी त्याच्यावर. तू मागच्या बाकावर कान ओढत बसला होतास आन् पोरं खिदळत होती. मला दिसत नव्हतं होय?"

सरांनी माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं.

"घरी जाऊन आलास का?"

"नाही सर. सरळ हिकडंच."

सर झोपाळ्यावरून उठले. दादांसारखा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता, तो त्या दिवशी काढला. "उन्हाळ्यात गेलास तू. बैलांचा बेंदूर होऊन गेला. दोनदा तुझी आई हितं येऊन बसली, पोराचं काही कळलं का म्हणून. मी काय सांगू तिला? चंद्र, गुरुत्वाकर्षण? ते पाणी बिनडोक, तरी दिवसातनं दोनदा परत येतंय. आन् तू फर्स्ट क्लास. ऊठ. चहा मिळणार नाही. आधी घरी जा, आन् तिथं माझ्या आवाजात बोललास तर तंगडं मोडीन."