दाराजवळ बसणारा कन्व्हीनर

दुर्ग स्टेशनावर मला सोडायला भिलाईतला आमचा अर्धा सेक्टर आला होता. आता त्यात माझं कौतुक काडीचं नव्हतं, बाबांनी घरोघरी जाऊन बोलावणं केलं होतं. "पोरगी परदेशात चालली, या लागते जी," असं प्रत्येक दारात उभं राहून. बोरकर काकूंनी चिवड्याचा डबा दिला, कोणी डोक्यावरून हात फिरवला, सगळे एकदमच बोलत होते. बाबा मात्र पार मागे, जिन्याजवळ. गाडी हलली तेव्हा मला त्यांचा फक्त मफलर दिसला.

तुम्ही जे तिथंच राहिलात आणि जे माझ्यासारखे कुठं कुठं पांगलात, त्या सगळ्यांना तो मफलर आठवत असेल. आपल्या मराठी मंडळाच्या पत्रिकेवर बाबांच्या नावापुढे 'कन्व्हीनर' छापलेलं असायचं. अध्यक्ष कोणीतरी स्टील प्लांटातले साहेब, सचिव बदलत राहायचे, कन्व्हीनर बाबाच. लहानपणी मी विचारलं होतं, म्हणजे काय हो? "बलावणारा," ते म्हणाले. "अध्यक्षाले खुर्ची, कन्व्हीनरले सायकल."

संक्रांतीच्या तिळगुळाची सूचना फळ्यावर लागलेली असली तरी बाबा ड्युटीवरून आले, चहा प्याले की निघायचे. सायकलच्या दांड्यावर मी. दारात जायचं, घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, म्हाताऱ्यांचं आधी. ज्याच्याशी मंडळात भांडण झालं त्याच्याकडे तर सगळ्यात पहिले. कोणाची कोणती शिफ्ट, हे त्यांना तोंडपाठ. अजून डोळे मिटले की ते धुकं दिसतं, क्वार्टरांपुढची पेरूची झाडं दिसतात, आणि प्लांटाच्या बाजूला मध्येच लाल होणारं आभाळ, कढईखालचा जाळ भडकावा तसं. त्या उजेडात सायकल चालत नव्हतीच, तरंगत होती असं मला वाटतं. कार्यक्रमात बाबा दाराजवळ बसायचे. येणाऱ्याला "या" म्हणायचं आणि चपला बाजूला सारायच्या.

मग ग्लासगोत आमच्या इमारतीच्या कमिटीनं मला कन्व्हीनर केलं. मी जाम खूश. ईमेल गेलेला होता, तरी मी मजल्या-मजल्यावर जाऊन दारं ठोठावली. वरच्या म्हातारीला वाटलं, आपल्या नळाचं पाणी खाली गळतंय. सभेच्या दिवशी मी चहा केला, खुर्च्या मांडल्या आणि जाऊन दाराजवळ बसले. सगळे आले, चहा पिऊन झाला, सभा काही सुरू होईना. शेवटी त्या म्हातारीनं टेबलाच्या टोकाची खुर्ची दाखवली. तिकडे कन्व्हीनर म्हणजे सभा चालवणारा. तिथंच बसायचं, आणि पहिला शब्द त्यानंच बोलायचा. मी गेले, बसले, बोलले. लक्ष मात्र सारखं दाराकडे.

फोनवर हे ऐकून बाबा खूप हसले होते. पण ती गोष्ट आई असतानाची. आई गेल्यावर ते रिटायर झाल्यावर घेतलेल्या रिसालीच्या घरात एकटे, गुडघे धरलेले. मंडळात आता कार्यक्रमाचा मेसेज ग्रुपवर पडतो. गेल्या संक्रांतीला मोजकीच माणसं आली आणि बाबा गेलेच नाहीत, असं काकूंनी सांगितलं. मी बाबांना फोन लावला.

"कावून नाही गेले बाबा?"

"मले कोणी बलावलंच नाही."

"ग्रुपवर मेसेज होता ना."

"तो त सगळ्याइले होता."

 हळूहळू त्यांचं बाहेर जाणंच बंद झालं. मला भीती वाटली, आणि ती मंडळासाठी नव्हती. हा माणूस आता घरातल्या खुर्चीतून उठणारच नाही, ही भीती होती.

या संक्रांतीला मग मीच फोन लावत बसले. ग्लासगोतली सकाळ म्हणजे भिलाईची दुपार. नावं बाबांकडूनच काढून घेतली. बोरकरांच्या सुनेचं नाव काय, नातू कोणत्या शिफ्टला. "कावून विचारून राहिली?" "असंच." एकेका घरी फोन केला, म्हाताऱ्यांना आधी. पोरं हिंदीतच बोलायची. एकानं विचारलं, "दीदी, आप आ रही हो क्या?" म्हटलं, "नहीं रे, मैं तो बुला रही हूँ."

शेवटचा फोन बाबांना, त्याच दुपारी.

"बाबा, सायंकाळी मंडळात तिळगुळ आहे. या लागते जी."

पलीकडे बाबांनी टीव्ही बंद केला. मग, "कोण बलावून राहिलं?"

"कन्व्हीनर."

"इतक्या वर्षांत," बाबा म्हणाले, "मले कोणी बलावलंच नव्हतं बेटा. मीच बलावत होतो न." आणि लगेच खाकरून, "ठेव आता. ऑटो पाहा लागते."

संध्याकाळी काकूंनी व्हिडिओ कॉल लावला. हॉल भरलेला. काकूंनी बाबांसाठी पुढची खुर्ची राखली होती, ती बाबांनी उचलून दाराजवळ नेली होती. घर म्हणजे क्वार्टर, रिसाली की ग्लासगो, हा हिशोब मी केव्हाच सोडला. आपलं नाव घेऊन बोलावणारं जिथं कोणी आहे, तेवढं घर उरलंय, आणि ते मला पुष्कळ वाटतं.

काकूंनी फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी मफलर सारखा केला, जसे कोणाच्या दारात उभे असावेत.

"पुढच्या संक्रांतीले," ते म्हणाले, "या लागते जी."