जीपला दिलेला टेकू

समस्त लोणखेडा आणि पंचक्रोशीस गंभीरपणे कळवण्यात येते की, कलत्या मोटारीला पायाने टेकू देण्याचा या भागातला पहिला प्रयोग मी केला, आणि तो फसला.

"कंपाउंड फ्रॅक्चर," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मांडीचं हाड कातडी फोडून बाहेर आलेलं. "गँगरीन झालं, पाय सडायला लागला, तर कापावा लागेल."

नोंदवहीसाठी त्यांनी बायकोला माझं नाव विचारलं. तिने पदर पुढे ओढला. सोळा वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. शेवटी मीच कण्हत सांगितलं, "माधव."

दोष हौसेचा. लष्कराच्या लिलावातली जुनी, बिनटपाची, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली जीप मी घेतली होती. रविवारी ती गोमाईच्या कोरड्या पात्रात उडवायची, काठाची दरड चढवायची, आणि गावाने बघायचं. त्या दिवशी दरडीवर ती माझ्या बाजूला कलली. वीस वर्षं बैलगाडी हाकलेला माणूस मी. गाडी कलली की गाडीवान पाय टेकून ती पेलतो. मी डावा पाय बाहेर टाकला.

"दादा, बैलगाडीना पाय जीपले चालत नही," धाकटा भाऊ खाटेशी बसून म्हणाला.

पायाला ट्रॅक्शन लावलं, म्हणजे वाळूच्या पिशव्या लोंबकळवून हाड ताणून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ताप चढला. रोज सकाळी डॉक्टर जखमेची पट्टी नाकाशी धरत. तेवढा वेळ बायको खाटेची दांडी घट्ट पकडून उभी असे. अकराव्या दिवशी त्यांनी पट्टी हुंगली, पुन्हा हुंगली.

"नुसता औषधाचा वास आहे. पाय वाचला."

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना सांगतो: ट्रॅक्शनमध्ये खाज सुटते, ती सोसा. आणि जीप कलली तर हातपाय आत, आमच्या बोलीत 'मझार', ठेवा. ती आपल्याला जुमानत नाही.

चौथ्या महिन्यात मी स्वतःच्या पायांनी व्हरांड्यात आलो. डावा बोटभर आखूड, पण चाल अशी ऐटदार की सगळा वॉर्ड बघायला उठला. न्यायला तीच जीप होती. भाऊ चालवायला, बायको मागे, मी पुढे राजासारखा. डॉक्टरांना हात जोडले. फाटकापाशी चाक खड्ड्यात गेलं, जीप कलली, आणि या खेपेला माझा उजवा पाय सवयीने बाहेर निघाला.

मागून, अख्ख्या दवाखान्यादेखत, बायको ओरडली, "माधव, पाय मझार ले!"